विटबिअर चाखताना: धने कुठले आणि लवंग कुठून आली

मसाल्याच्या डब्यातले दहा-बारा धने घ्या. भाजू नका. खलबत्त्यात बत्ता एवढाच दाबा की प्रत्येक दाण्याच्या दोन फाका होतील, पीठ होणार नाही. तळहातावर घेऊन लगेच हुंगा. संत्रं सोलताना बोटांना लागतो तसा वास येईल, त्यात किंचित लाकूड आणि किंचित फूल. आता तेवढेच धने तव्यावर खरपूस भाजून कुटा. हा वास ओळखीचा आहे, गोड्या मसाल्याचा.

धने एकाच डब्यातले, वास मात्र दोन. पहिल्या वासामागे मुख्यतः लिनॅलूल नावाचं द्रव्य असतं. धन्याच्या सुगंधी तेलात निम्म्याहून जास्त तेच. तव्यावर ते बरंचसं उडून जातं आणि भाजल्याचे, शेंगदाणे-कॉफीच्या जातीचे वास तयार होतात. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये, म्हणजे तिथल्या गव्हाच्या पांढऱ्या बिअरमध्ये, पडतात ते न भाजलेले धने. आपली जीभ मात्र भाजलेल्या धन्यांवर वाढलेली. बाटलीवर धन्यांचा उल्लेख वाचला की आपण पेल्यात गोडा मसाला शोधतो, तो सापडत नाही, आणि ‘मसाला काही लागला नाही, लिंबू पिळल्यासारखं वाटतंय’ असं म्हणून मोकळे होतो. ते जे लिंबू पिळल्यासारखं वाटलं, त्यात मोठा वाटा धन्यांचा होता.

म्हणून विट चाखायला बसताना शेजारी तीन वाट्या ठेवा: एकीत भरडलेले कच्चे धने, दुसरीत संत्र्याच्या सालीचा तुकडा, तिसरीत एक लवंग. बिअर हुंगायची, वाटी हुंगायची, पुन्हा बिअर. पहिल्या दोन वाट्यांतले पदार्थ विटमध्ये घातलेलेच असतात. तिसरीचं पुढे येईल.

आधी ही बिअर काय आहे ते थोडक्यात. ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं गाव आहे. तिथली पांढरी बिअर १९५० च्या दशकात शेवटचा कारखाना बंद पडल्यावर संपली होती. गावातल्या पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. १९८५ मध्ये त्याच्या कारखान्याला आग लागली, पुढे धंदा मोठ्या कंपनीकडे गेला, आणि सेलिसने १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनला जाऊन तीच बिअर नव्याने काढली. आज पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवून विकतात) नळावर जी ‘विट’ असते, तिचं मूळ हे.

घटक मोजकेच आहेत. निम्मं बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, जवळजवळ निम्मा कच्चा म्हणजे मोड न आणलेला गहू, कधी थोडे ओट्स. हॉप्स, म्हणजे बिअरला कडू करणारी फुलं, अगदी कमी; कडवटपणा आठ ते वीस आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). अल्कोहोल साडेचार ते साडेपाच टक्के. उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत भरडलेले धने आणि संत्र्याची साल. धन्यांचं प्रमाण लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीला जास्तीत जास्त किलोभर. वाळलेली साल साधारण तेवढीच. शेवटी घालायचं कारण साधं: तासभर उकळलं तर वास वाफेबरोबर छतावर जातो, आणि टरफलातला तुरटपणा तेवढा खाली उरतो.

आता पेला. धुतलेला ग्लास स्वच्छ असतोच असं नाही. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो, आणि फेस बसला की अर्धा वास गेला. परीक्षा सोपी आहे. ओल्या ग्लासच्या आत चिमूटभर मीठ भुरभुरा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेलकट आहे. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच समजा. आकार तोंडाशी किंचित आत वळलेला हवा. वाइनचा ग्लास उत्तम चालतो. हूगार्डनचा जाड षट्कोनी पेला पिण्याला छान, पण हुंगायला फार रुंद.

बाटली आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये उभी ठेवा. फ्रिज चार अंशांवर असतो, त्या तापमानाला वास दबलेले असतात. दहा मिनिटं बाहेर काढून सहा-सात अंशांवर पहिला घोट घ्या आणि दुसरा घोट बारा अंशांच्या आसपास. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तो वापरा. मे महिन्यातल्या दुपारी अंदाजाने मोजलेले अंश खोटे असतात.

ओतताना दोन ग्लास घ्या. पहिल्यात गाळ न हलवता सव्वाशे मिलिलिटर ओता. मग बाटली आडवी धरून हळूच दोनदा फिरवा आणि गाळासकट तेवढीच दुसऱ्यात. विट मुळातच धुरकट असते, कच्च्या गव्हातली प्रथिनं आणि स्टार्च तरंगत राहतात. तरी दोन ग्लासांत फरक दिसेल. गाळाच्या ग्लासात पावाच्या कणकेचा वास येतो, आंबटपणा बोथट होतो आणि धने एक पाऊल मागे सरकतात. नुसते मसाले जोखायचे असतील तर पहिला ग्लास, बिअर जोखायची असेल तर दुसरा.

आणि काठावर लिंबाची किंवा संत्र्याची फोड लावून दिली असेल तर काढून बाजूला ठेवा. सालीतलं तेल फेस मारतं, शिवाय तिच्या वासापुढे टाकीतल्या सालीचा वास कळणारच नाही. फोड लावण्याची ही प्रथा चाखणाऱ्याच्या मुळावर आली आहे, एवढंच म्हणतो.

हुंगताना दीर्घ श्वास नको. दोन-तीन आखूड हुंगे घ्या, मग थांबा. नाक पटकन सरावतं; पाचव्या हुंग्याला धने नाहीसे होतात आणि दोष आपण बिअरला देतो. स्वतःचा दंड हुंगला किंवा साधं पाणी हुंगलं की नाक परत जागेवर येतं.

पहिल्या काही सेकंदांत येतो तो बहुधा सालीचा वास. इथे आपल्याकडे एक गंमत आहे. बेल्जियन पाककृतीत कुरासाव बेटावरच्या कडू संत्र्याची साल असते: जाड, हिरवट, मुरंब्याच्या कडसर बाजूला झुकणारी. नागपुरी संत्र्याची जात वेगळी. त्याची साल पातळ आणि सुटी, वास गोड. ती टाकीत घातली तर बिअरला संत्र्याच्या गोळीचा वास येतो आणि घशाशी जो कोरडा कडवटपणा यायला हवा तो येत नाही. वाईट नाही, वेगळं आहे. गोळीचा वास पण शेवट कोरडा-कडू असेल, तर दोन्ही साली घातल्या असाव्यात किंवा सालीचा पांढरा भाग नीट खरवडलेला नाही. पांढऱ्या भागाचा कडवटपणा ओळखू येतो: तो हॉप्ससारखा पुढे येऊन ओसरत नाही, जिभेच्या मागच्या भागावर ठाण मांडतो.

सालीच्या मागून धने येतात, आणि त्यांच्याबरोबर बऱ्याचदा लवंग. ही लवंग कुणी घातलेली नसते.

गव्हात आणि बार्लीत फेरुलिक आम्ल असतं. विटचं यीस्ट त्याचं रूपांतर फेनॉल जातीच्या एका वासाच्या द्रव्यात करतं, ज्याचं नाव फोर-व्हिनाइल ग्वायाकॉल, आणि त्याचा वास लवंगेचा. सगळ्याच यीस्टना हे जमत नाही. लागरच्या, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या नेहमीच्या बिअरच्या, यीस्टला जमत नाही; बहुतेक इंग्लिश एलच्या, म्हणजे जास्त उबेत आंबवलेल्या बिअरच्या, यीस्टलाही नाही. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला लवंग-केळ्याचा घमघमाट असतो, आणि तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे तिच्यात मसाले घालायची सोयच नाही. १५१६ च्या बव्हेरियन फर्मानात फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी होतं; गव्हाला मुभा वेगळी मिळाली, मसाल्यांना नाही. केळं येतं ते आयसोअमिल अ‍ॅसिटेट या एस्टरमुळे (फळांच्या वासाचं द्रव्य), तेही यीस्टचंच काम. दाणा भिजवताना पाणी ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ धरून ठेवलं तर फेरुलिक आम्ल जास्त सुटतं आणि लवंग वाढते. म्हणजे ब्रूअरच्या, बिअर बनवणाऱ्याच्या, हातात मसाल्याच्या डब्याखेरीज हाही एक नळ असतो.

मग खरी लवंग घातली आहे की यीस्टची, हे कसं ओळखायचं? तिसरी वाटी त्यासाठीच. खऱ्या लवंगेत युजेनॉल असतं, दातदुखीवर लवंगेचं तेल लावतो ते याच्याच जोरावर. लवंगेचा कण दातांखाली धरा: गोडसर, दाट वास आणि जिभेच्या टोकाला बधिरपणा. आता बिअरचा घोट घ्या. यीस्टची लवंग नाकात असते, थोडी धुरकट, औषधी अंगाची. जीभ जागी राहते. लवंग खरंच आणि सढळ हाताने घातली असेल तर गिळल्यावर जिभेचं टोक किंचित सुन्न वाटतं, आणि तो वास पुढच्या तीन घोटांतही हटत नाही. ज्या विटमध्ये असं होतं तिच्या ब्रूअरचा यीस्टवर विश्वास नव्हता, असं माझं मत.

तोंडातली परीक्षा नाक धरून करायची. नाक चिमटीत धरा, घोट घ्या, तीन-चार सेकंद तोंडात फिरवा, गिळा. एवढा वेळ कळतं ते फक्त गोड, आंबट, कडू, बुडबुड्यांचं टोचणं आणि असेल तर तिखटपणा. आता नाक सोडा आणि तोंड मिटून श्वास बाहेर टाका. धने, साल, लवंग, केळं, सगळं एकदम येईल. जे नाक धरलेलं असतानाही लागत होतं ते जिभेचं, जे सोडल्यावर आलं ते वासाचं. आल्याचा, मिऱ्याचा झणका नाक धरूनही टिकतो. धन्यांचा मागमूस राहत नाही. ‘या बिअरमध्ये मिरी आहे का’ असा वाद टेबलावर झाला तर याच चिमटीने मिटवा. मात्र विटमधले बुडबुडे भरपूर असतात आणि त्यांचं टोचणं तिखटासारखं भासतं. शंका असेल तर ग्लास चमच्याने ढवळून गॅस काढा आणि पुन्हा चाखा.

चांगल्या विटमध्ये गिळल्यानंतर तोंड स्वच्छ होतं. सुरुवातीला गव्हाचा मऊ गोडवा, मध्ये दह्याच्या निवळीइतका आंबटपणा, शेवट कोरडा. मसाला मध्ये कुठेतरी येऊन जातो. कोणता पदार्थ हे नाव पटकन सांगता आलं नाही तर प्रमाण बरोबर आहे. पहिल्याच घोटाला ‘धने!’ म्हणावंसं वाटलं तर जास्त झाले.

धने बिघडतात ते तीन तऱ्हांनी, आणि तिन्ही वेगळ्या ओळखता येतात.

साबण, अंगाला लावायचा. याची दोन कारणं: प्रमाण जास्त, किंवा धने पुरते पिकण्याआधी काढलेले. कच्च्या फळात कोथिंबिरीच्या पानातले अल्डिहाइड नावाचे वासाचे पदार्थ शिल्लक असतात, आणि ते ढेकणाच्या वासाच्या कुळातले आहेत. ज्यांना कोथिंबीर साबणासारखी लागते त्यांना ही बिअर सर्वांत आधी नकोशी होईल. चाखणाऱ्यांत असा एक माणूस असला तर फार उपयोगी पडतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे उकडलेल्या भाजीच्या देठांचा, खारवलेल्या मांसाचा वास. स्पर्धांच्या परीक्षकांची जी बीजेसीपी नियमावली आहे तिच्यात विटसाठी हा वास स्पष्टपणे दोष म्हणून नोंदला आहे. तो येतो शिळ्या धन्यांमधून, आणि बऱ्याचदा बारीक, गोल, तपकिरी दाण्यांमधून. आपल्याकडे मिळणारे लांबट, फिक्या पिवळसर-हिरवट रंगाचे धने यासाठी जास्त चांगले. त्यांचा वास संत्र्याकडे झुकतो, आणि बाहेरचे ब्रूअरही ‘इंडियन कोरिअँडर’ म्हणून ते मुद्दाम मागवतात. दळलेली धनेपूड कधीच नको. पूड लवकर वास सोडते, शिवाय टरफलाचा सगळा तुरटपणा पाण्यात उतरतो.

तो तुरटपणा म्हणजे तिसरी तऱ्हा. वासात काही चूक नाही, पण गिळल्यावर जीभ टाळूला घासते, कच्ची सुपारी चघळल्यासारखी. धने फार बारीक कुटले, किंवा फार वेळ उकळले.

बाकीचे दोष विटचे एकटीचे नाहीत, पण मसाल्याआड लपतात म्हणून सांगतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास: बिअर जुनी, हवा लागलेली. धन्यांचा ताजा वास काही महिन्यांत फिका पडतो, म्हणून बाटलीवरची तारीख बघा आणि तीन-चार महिन्यांपलीकडची घेऊ नका. मक्याच्या उकडलेल्या कणसाचा वास: उकळी नीट झाली नाही. लोण्याचा, पॉपकॉर्नचा: आंबवणं घाईत आटोपलं. उग्र गंधकी वास, मला हिंगाच्या डबीजवळ जाणारा वाटतो: बिअरला उजेड लागला. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतली बाटली दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उभी असेल तर हे होतं. कॅनमध्ये ही भीती नाही.

धन्यांचं प्रमाण जिभेला शिकवायचं असेल तर एक संध्याकाळ खर्च करा. दहा ग्रॅम कच्चे धने भरडून पन्नास मिलिलिटर वोडकात चोवीस तास बुडवून ठेवा. झाकण घट्ट. नंतर कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. या अर्काच्या एका मिलिलिटरमागे ०.२ ग्रॅम धने पडले. केमिस्टकडून एक मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई काढून टाका. थेंब मोजू नका. वोडकाचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो, हिशेब चुकतो.

साधी लागर घ्या, ६५० मिलिलिटरची एक बाटली पुरे. गव्हाची बिअर नको, तिची लवंग मध्ये येईल. चार ग्लासांत शंभर-शंभर मिलिलिटर मोजून ओता. पहिल्यात एक मिलिलिटर साधी वोडका. दुसऱ्यात पाव मिलिलिटर अर्क आणि पाऊण वोडका. तिसऱ्यात अर्धा अर्क, अर्धी वोडका. चौथ्यात पूर्ण एक मिलिलिटर अर्क. वोडका सगळ्यांत सारखी हवी, नाहीतर जीभ दारूतला फरक धन्यांच्या खात्यावर टाकते. हिशेबाने हे लिटरला शून्य, अर्धा, एक आणि दोन ग्रॅम झाले.

अर्ध्या ग्रॅमला धने लागत नाहीत. लागर नुसती जास्त ताजी वाटते. बहुतेकांना इथे ‘लिंबू’ सुचतं. एक ग्रॅमला संत्रं स्पष्ट, वाटीतल्या भरडीशी जुळणारं. दोन ग्रॅमला अत्तर, आणि मागे साबणाची चाहूल. टाकीत उकळीला घातलेल्या धन्यांचा बराच वास वाफेबरोबर आणि आंबताना निघणाऱ्या गॅसबरोबर जातो, म्हणून अर्काचा ग्लास त्याच प्रमाणाच्या खऱ्या विटपेक्षा भडक लागेल, हे धरून चाला.

मग कसोटी. कुणाला तरी सांगा, तुमच्या पाठीमागे तीन ग्लास भरायचे: दोन सारखे, एक वेगळा, नुसती वोडका घातलेली लागर आणि अर्ध्या ग्रॅमची. वेगळा कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून निदान सहा वेळा करा. सहापैकी पाच आले तर अर्धा ग्रॅम तुम्हाला खरंच कळतो. दोनच आले तर पाऊण ग्रॅमवर जाऊन पुन्हा सुरू करा. मधल्या वेळी पाणी आणि कोरडा पाव. फरसाण, मसाला शेंगदाणे, लोणचं यांतलं काहीही टेबलावर नको, आणि जेवण किमान तासाभरापूर्वीचं हवं.

हीच पद्धत बाकीच्या मसालेदार एलला लागू पडते, फक्त प्रत्येक मसाल्याची खोड वेगळी. दालचिनी म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा जाड सालीची कॅशिया मिळते. ती वासाला गोड, पण जिभेला कोरडी करते, आणि तो कोरडेपणा कडवटपणा समजला जातो. ताज्या आल्यापेक्षा सुंठ घशात जास्त जाळते, आणि अल्कोहोल तो जाळ आणखी वाढवतो. वेलची सर्वांत बेभरवशाची: पहिल्या घोटाला बरोबर वाटली तरी दुसऱ्या घोटाला सगळी बिअर मसाला दूध होते. तिचा अर्क करून बघायचा असेल तर टरफल काढून नुसते दाणे घ्या, धन्यांच्या दहाव्या हिश्श्याने, आणि सिरिंजच्या ०.१ च्या रेघेपासून सुरुवात करा. दालचिनी-जायफळाच्या गडद, सात-आठ टक्क्यांच्या एल थंडगार पिण्यात अर्थ नाही. त्या बारा-तेरा अंशांवर उघडतात.

नोंद करताना ‘मसालेदार’ हा शब्द वहीतून हद्दपार करा. कोणता वास, कधी आला, नाक धरल्यावर राहिला की गेला, सहा अंशांवर काय आणि बारावर काय, एवढं लिहिलं की पुरे. उरलेली धन्यांची भरड त्याच दिवशी वापरा. ठेवली तर तिचा वास उडत जातो. अर्काची बाटली मात्र अंधाऱ्या कपाटात दोन-तीन महिने चांगली राहते.